मूळ चाल

"वन्सं, जरा आवाज मोठा करा की," मथुराबाई म्हणाल्या. त्या मेथी निवडत बसल्या होत्या आणि टीव्ही प्रेमलाच्या हाताशी होता.

प्रेमला उठली ती टीव्हीसमोर उभीच राहिली. पडद्यावर कडब्याच्या गंजीचा देखावा होता. नऊवारी नेसलेली, ठसठशीत नथ घातलेली एक तरुण गायिका हात उंचावून गात होती.

*तुळजे, दिवा मालवू नगं, लेक अजून वाटंवर,*
*गाडी गेली, धूळ राहिली माझ्या पदरावर.*

"अवं, आवाज वाढवा म्हनलं ना. आन् बाजूला व्हा, दिसंना झालंय."

प्रेमलानं आवाज वाढवला. चाल पळती केली होती. खाली ढोलकी होती, मध्येच संबळ वाजत होतं. दुसऱ्या कडव्याच्या आधी सनईनं वरून घसरत खाली येणारी एक लहानशी सुरावट वाजवली. ती सुरावट प्रेमलानं ट्रंपेटसाठी बसवली होती, कॅम्पातल्या क्लबात, कितीतरी वर्षांपूर्वी.

गाणं संपलं. निवेदिका हसून म्हणाली, "तुळजाभवानीला भक्तानं घातलेली ही साद आपण ऐकलीत. पुणे जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतून गोळा केलेली ही पारंपरिक गीतं. संकलन आणि संगीत, श्रीनिवास गद्रे."

"ग्वाड म्हनली बाई," मथुराबाई म्हणाल्या. "आमच्या धायरीला जात्यावर म्हनायच्या बाया हे."

"हे नव्हत्या म्हणत, वहिनी."

"म्हनायच्या की. मी ऐकलंय."

"हे गाणं मी लिहिलंय. चालही माझीच आहे."

मथुराबाईंनी एकदा नणंदेकडे पाहिलं आणि पुन्हा मेथीची जुडी हातात घेतली. "असंल," त्या म्हणाल्या. "देवीची गानी सगळ्यांचीच असत्यात."

प्रेमला खुर्चीत बसली. पुढचा कार्यक्रम काय होता ते तिला कळलं नाही. श्रीनिवास खोटं बोलला, हे मनात यायलाही तिला वेळ लागला. आधी वाटलं, कुणीतरी त्यालाच फसवलं असेल.

प्रेमला ही हडपसरच्या गेनबांची धाकटी मुलगी. गेनबांच्या मळ्यातली भाजी कॅम्पातल्या एका मिशनच्या शाळेत जायची. तिथल्या सिस्टरांच्या शब्दावर पोरीला शाळेत जागा मिळाली. प्रार्थनेची गाणी शिकवायला पास्कल नावाचे गोव्याचे एक सर यायचे. आठवडाभर ते मुलींना भजनं शिकवत आणि शनिवारी संध्याकाळी एका क्लबात बँड चालवत, स्वतः ट्रंपेट वाजवत. शाळा संपून प्रेमला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला लागली, तेव्हा पास्कल सरांनी तिला बँडमध्ये बोलावलं. गेनबांना सांगायची हिंमत तिला झाली नाही. आईला सांगितलं.

जॅझ म्हणजे काय हे पास्कल सरांनी तिला आपल्या मोडक्या मराठीत एकदाच समजावलं होतं. "ताल तुझी वाट बघते. तू घाई करू नको. उशिरा जा. पण पोचायचं हां."

क्लबाच्या मॅनेजरनं तिचं नाव पमेला ठेवलं. कॅम्पातल्याच सोलापूर बाजारातल्या शिंप्यानं तिला गुडघ्याखाली येणारे दोन झगे शिवून दिले, एक काळा, एक मोरपंखी. ती ते क्लबातच ठेवायची. शनिवारी बसमधून उतरताना प्रेमला असायची, दिवे लागले की पमेला व्हायची. इंग्रजी गाणी ती अशी म्हणायची की परदेशातून आलेले लोक नाच थांबवून ऐकायचे. आवाज जाड होता, थोडा खरखरीत, आणि शेवटच्या शब्दाला ती इतकी रेंगाळायची की ऐकणाऱ्याला वाटावं, ही आता विसरली. मग ती अलगद समेवर यायची.

बातमी हडपसरला पोचलीच. गेनबांनी तिच्याशी बोलणं टाकलं. भावकीतला एकजण दारात येऊन म्हणाला, "गेनबाची पोरगी हाटेलात नाचती." आई, सोजरबाई, चुलीपुढून उठली नाही. आतूनच म्हणाली, "नाचत न्हाई, गाती. फरक हाय." लेक शेवटच्या बसनं येईपर्यंत ती ओसरीत कंदील जळता ठेवायची आणि आल्यावर एक अक्षर न बोलता ताट वाढायची.

श्रीनिवास गद्रे बँडमध्ये पियानो वाजवायचा. नारायण पेठेतला, बँकेत कारकून. वडील घरी पेटीच्या शिकवण्या घेत. त्यांना त्यानं शनिवारी आपण हिशेबाचे वर्ग घेतो असं सांगून ठेवलं होतं. दोघंही घरातून चोरून आलेली, म्हणून लवकर जवळ आली. लोकांना वाटायचं तसं त्यांच्यात काही नव्हतं. पण एखादी सुरावट सुचली की प्रेमला ती आधी फोनवर त्यालाच गुणगुणून दाखवायची, आणि ती काय करू पाहतेय हे त्याला तिच्याआधी कळायचं. तो दोनदा हडपसरला येऊन सोजरबाईंच्या हातची भाकरीही खाऊन गेला होता.

पुढे क्लबातली जुनी मंडळी एकेक करून देश सोडून जाऊ लागली. नवे लोक आले, त्यांना इंग्रजी गाण्यांत रस नव्हता. पास्कल सर एकदा म्हणाले, "तुझे भाषेत काय नाय?" त्या आठवड्यात बसमध्ये येता-जाता प्रेमलानं तिचं पहिलं मराठी गाणं रचलं.

आईचं लग्नाआधीचं नाव तुळजा होतं. सासरी आल्यावर ते बदलून सोजर केलं. माहेरचा एकुलता भाऊ वारला त्या दिवशी आई म्हणाली होती, "मला माज्या नावानं हाक मारनारं आता कुनी उरलं न्हाई." ती हाक प्रेमलानं गाण्याच्या पहिल्या ओळीत घातली. पुढच्या कडव्यात होतं,

*कुणी म्हणू दे काय बी तुला, तू नगं मला विचारू,*
*गळ्यामंदी पाखरू आलंय, त्याला कसं मी आवरू.*

श्रीनिवासनं त्याखाली पियानोचे असे काही उदास स्वर ठेवले की गाणं संपल्यावर क्लबात कुणी टाळी वाजवेना. मग एकानं पुन्हा म्हणायला सांगितलं. घरी तिनं ते आईला म्हणून दाखवलं, तेव्हा आई चुलीकडे तोंड करून म्हणाली, "माजं नाव कशाला गं घातलंस?" आणि थोड्या वेळानं, "परत म्हन."

त्यानंतर तिनं आणखी सात-आठ गाणी केली. हडपसरची बोली आणि जॅझचा ताल. असं आधी कुणी केलं होतं की नाही, तिला ठाऊक नव्हतं. आपल्याला हे जमतं एवढंच तिला माहीत होतं.

चौऱ्याहत्तर साली क्लब बंद पडला. पास्कल सर गोव्याला परतले आणि वर्षभरात वारले. ड्रम वाजवणारा ऑस्ट्रेलियाला गेला. श्रीनिवास म्हणाला, "तुझी गाणी मी वाया जाऊ देणार नाही." त्यानं एक स्पूलचं यंत्र मागून आणलं, नारायण पेठेतल्या खोलीत खिडक्यांना गोधड्या लावल्या, आणि दोघांनी मिळून सगळी गाणी टेप केली. ती टेप घेऊन तो मुंबईला एका रेकॉर्ड कंपनीकडे गेला.

परत आला तेव्हा तिला भेटायला एक्स्चेंजच्या फाटकापाशी उभा होता. "नाही म्हणाले," त्यानं सांगितलं. "गाणी ना इकडची ना तिकडची, असं म्हणाले. प्रेमला, खरं सांगू? त्यांना ती आवडलीच नाहीत."

तिनं मान हलवली. चहा घेतला. आणि त्यानंतर एकही गाणं लिहिलं नाही. सुचलं तरी ती ते हाकलून द्यायची, दारात आलेल्या कोंबडीसारखं. आई गेली, गेनबा गेले. लग्न झालं नाही. भाऊ संभाजी आणि मथुरावहिनी यांच्याकडे ती राहिली. एक्स्चेंजमध्ये सुपरवायझर झाली. आपण वाईट गाणी लिहायचो आणि ते वेळीच कळलं, हे तिनं मनाशी मान्य करून टाकलं होतं.

टीव्हीवर गाणं ऐकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली, स्वारगेटला बस बदलली आणि श्रीनिवासचं घर शोधत प्रभात रोडला गेली.

दार त्याच्या बायकोनं, श्यामलानं उघडलं. "या. पमेला ना तुम्ही? चपला बाहेरच राहू द्या, इथून काही जात नाही." मग आत वळून म्हणाली, "अहो, तुमच्या कॅम्पातल्या आल्यात."

श्रीनिवास बाहेर आला. केस पांढरे झाले होते, अंगावर रेशमी कुर्ता होता. तिला पाहून त्याचा चेहरा उजळला आणि लगेच उतरला. श्यामला पाणी ठेवून आत गेली.

"काल टीव्हीवर ऐकलं," प्रेमला म्हणाली.

"हं."

"तुळजा कोण, श्रीनिवास?"

त्यानं पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला.

"देवी आहे म्हणे. तू तिच्या हातची भाकरी खाल्ली आहेस."

"ते निवेदनात त्यांनी घातलं. मी नाही सांगितलं."

"आणि खेडोपाडी फिरून गोळा केली, हे?"

त्यानं चष्मा काढून पुसला. "त्याच रेकॉर्ड कंपनीला लोकगीतं हवी होती. मी कुठल्या खेड्यात जाणार होतो? माझ्याकडे तुझी टेप होती. चाल जरा पळवली, ढोलकी घातली. कुणाचं नाव द्यायचं विचारलं, तेव्हा... नाव दिलं असतं तर ते लोकगीत राहिलं नसतं."

"त्यांनीच तर नाकारली होती ना ही गाणी?"

तो खिडकीबाहेर बघू लागला. मग म्हणाला, "गाणी नव्हती नाकारली. तेव्हाही आवडली होती त्यांना. आवाज बदला म्हणाले. आवाज आणि तो ढंग. हे तुझ्या तोंडावर कसं सांगायचं? म्हटलं, सगळंच नाकारलं म्हणून सांगावं. तुला कमी लागेल."

गाणी चोरली याचा राग ती घरून बरोबर घेऊन आली होती. हे नवीन होतं. याच्यासाठी तिच्याजवळ काहीच तयार नव्हतं.

"मी लिहायची थांबले," ती म्हणाली.

"मला काय ठाऊक तू थांबशील?"

"तुलाच ठाऊक होतं."

चहा आला. श्रीनिवास एकदम पुढे वाकला, त्याला काहीतरी सुचल्यासारखं. "हे बघ. पुढच्या महिन्यात या गाण्यांच्या आमच्या स्टेजवरच्या कार्यक्रमाचा शंभरावा प्रयोग आहे, रविवारी सकाळी. तू ये. स्टेजवर बस. तू हडपसरचीच आहेस, नऊवारी नेसलीस तर... म्हणजे ज्यांच्याकडून गाणी मिळाली त्यांतल्या एक, असं. लोकांना फार आवडेल. सत्कार करू तुझा."

प्रेमलानं कप खाली ठेवला. "मी मोरपंखी झग्यात गायचे, श्रीनिवास," ती म्हणाली आणि चपला घालून निघाली.

आठवड्यानं तो हडपसरला आला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. बरोबर चितळ्यांच्या दुकानातला पुडा होता. मथुराबाईंनी त्याला ओसरीत बसवलं, चहा दिला. तो नीट झोपलेला दिसत नव्हता.

"मी चुकलो," तो म्हणाला. "मला ते दुरुस्त करू दे. नऊवारी-बिऊवारी काही नको. तू तुझ्यासारखी ये. मी पियानो मागवतो. पूर्वी म्हणायचीस तसंच म्हण, मी साथ करीन. आणि त्याआधी मी माइकवर सगळ्यांना सांगेन, हे गाणं हिचं आहे. शब्द हिचे, चाल हिची."

"सगळ्यांसमोर सांगशील?"

"सांगेन." त्याचे डोळे भरले होते. ते खोटं नव्हतं, हे प्रेमला पुढेही कधी नाकारू शकली नाही.

ती हो म्हणाली.

मग तिनं महिनाभर गळ्यावर मेहनत घेतली. संध्याकाळी मागल्या अंगणात, हौदापाशी बसून ती खर्ज लावायची. आवाज बसला होता, वरचे सूर गेले होते, पण खाली एक नवा भरीवपणा आला होता. संभाजी मळ्यातून येताना थबकायचा आणि मग आत जायचा. तिनं जांभळ्या रंगाची साधी सिल्कची साडी काढून ठेवली. एका संध्याकाळी तिच्या मनात एक नवी ओळ आली. या वेळी तिनं ती हाकलली नाही, येऊ दिली.

रविवारी सकाळी सभागृह भरलं होतं. गजरे, कडक इस्त्रीचे झब्बे, मध्यंतरातल्या बटाटेवड्याची चर्चा. स्टेजवर कडब्याची गंजी होती आणि तिच्या कडेला, जरा विसंगत दिसणारा काळा पियानो. प्रेमलाला तो पाहून बरं वाटलं. पाहुणे म्हणून आलेल्या एका विद्वान गृहस्थांनी लांबलचक भाषण केलं. "बँकेची नोकरी सांभाळून या माणसानं उन्हातान्हात गावं पालथी घातली, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या ओठांवरची गाणी वेचली. हे ऋण महाराष्ट्र विसरणार नाही." टाळ्या वाजल्या. श्यामला पहिल्या रांगेत बसली होती. श्रीनिवासनं वाकून नमस्कार केला.

मग तो माइककडे आला. प्रेमला विंगेत उभी होती.

"आता एक विशेष गोष्ट," तो म्हणाला. "आज आपल्यात हडपसरच्या प्रेमलाबाई आल्या आहेत. 'तुळजे, दिवा मालवू नगं' हे गाणं मी पहिल्यांदा ऐकलं ते यांच्या तोंडून."

तो थांबला. प्रेमला वाट बघत राहिली. सभागृहात टाळ्यांचा गजर झाला आणि तो पियानोकडे वळला.

त्याच्या बोलण्यात एकही शब्द खोटा नव्हता.

ती स्टेजवर गेली. कुणीतरी शाल आणि नारळ हातात दिला, कुणीतरी तो काढून बाजूला ठेवला. श्रीनिवासनं तिच्याकडे न बघता सुरुवात केली, आणि ते जुने उदास स्वर आले, जसेच्या तसे. त्या क्षणी तिला वाटलं, नंतर सांगेल. गाणं झाल्यावर सांगेल. ती गाऊ लागली. सावकाश, तालाच्या मागून चालत. 'तुळजे' या हाकेवर ती थांबली, पूर्वी थांबायची तेवढी.

लोक आधी कौतुकानं ऐकत होते. मग कुजबुज सुरू झाली. कुणी खोकलं. दुसरं कडवं सुरू होताना मधल्या रांगांतून एक ठणठणीत आवाज आला.

"बाई, प्रयोग नकोत. मूळ चालीत होऊ द्या."

हशा पिकला. दोघा-तिघांनी दुजोरा दिला. "हो, मूळ चालीत."

प्रेमला थांबली. माइकमध्ये म्हणाली, "हीच मूळ चाल आहे."

पुन्हा हशा, या वेळी जरा प्रेमळ, म्हातारं माणूस भलतंच काही बोललं की हसतात तसा. तिनं श्रीनिवासकडे पाहिलं. आता तो नुसता उठून उभा राहिला असता तरी चाललं असतं.

श्रीनिवासनं पियानोवरचे हात उचलले आणि ढोलकीवाल्याला मान हलवून खूण केली.

ढोलकी सुरू झाली. "चला, सगळे मिळून म्हणू या," तो हसत म्हणाला, आणि सगळं सभागृह गाऊ लागलं. प्रत्येकाला शब्द पाठ होते. शेकडो माणसं तिच्या आईला तिच्या माहेरच्या नावानं हाक मारत होती. एवढ्या अपमानातही प्रेमलाच्या अंगावर काटा आला. क्षणभर, अगदी क्षणभर, तिला आनंद झाला. त्या आनंदासाठी ती स्वतःला पुढे कधी क्षमा करू शकली नाही.

तिनं प्रेक्षकांना नमस्कार केला आणि विंगेतून खाली उतरली. गाणं चालूच होतं. तिला थांबवायला कुणी आलं नाही.

स्वारगेटला बससाठी उभी असताना उन्हं डोक्यावर आली होती. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. हौदापाशी सुचलेली ती नवी ओळ आठवून पाहिली, आठवत होती. पुढे काही सुचलं नाही.

घरी मथुराबाई जेवायच्या थांबल्या होत्या. "कसं झालं, वन्सं?"

"झालं."

"त्यांनी सांगितलं का समद्यांना? तुमी म्हनला हुता, सांगनार हायेत."

"नाही सांगितलं."

मथुराबाईंनी ताटं घेतली, पिठलं वाढलं. मग त्यांनी विचारलं, "खरंच तुमचं हाय का हो ते?"

"हो."

"मग त्यात तुळजा कोन?"

"आई. माहेरी तिचं नाव तुळजा होतं."

मथुराबाईंचा घास हातातच राहिला. "आत्याबाई?" त्या म्हणाल्या. "आन् मी म्हैनाभर भांडी घासताना सासूचं नाव घेत हुते व्हय." डाव्या हातानं त्यांनी पदर डोक्यावर ओढला आणि मग प्रेमलाच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. प्रेमला जेवली.

ते गाणं पुढे खूप गाजलं. लग्नांत वाजू लागलं, शाळांच्या स्नेहसंमेलनांत पोरी त्यावर नाचू लागल्या. श्रीनिवास पुन्हा हडपसरला आला नाही. प्रेमलानं एक्स्चेंजची नोकरी निवृत्तीपर्यंत केली. ती घरी असली की मागल्या अंगणातून मथुराबाईंचा आवाज यायचा, हौदावर भांडी घासताना, सवयीनं त्याच गाण्याचा. पहिला शब्द मात्र त्या म्हणत नसत. तेवढी जागा रिकामी सोडून, क्षणभर हात थांबवून, त्या पुढे गात. *दिवा मालवू नगं, लेक अजून वाटंवर.*